सतरावी बशी

काटाबाईंनी सतराव्या काचेच्या बशीत मणी टाकले, मोजून निम्मे. आधीच्या सोळांत पुरेपूर टाकले होते. त्यांचं माप कधी चुकत नाही म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्यांना काटाबाई म्हणत, आणि म्हणूनच त्यांचं काम तपासायच्या फंदात कोणी पडत नसे.

मणी म्हणजे खसखशीहून बारीक कवचं, आत ओव्याचं तेल. नुसतं तेल घातलं तर चीजला काढ्याचा वास मारतो. कवचातून ते थोडंथोडं झिरपतं आणि गुपचूप जंतूंचा निकाल लावतं. प्रत्येक बशीत वेगळा जंतू होता; सतरा नंबरचा मात्र आतापर्यंत तीनदा तगला होता.

तो ज्या नळीत जपून ठेवला होता, तिच्यावर अकरा वर्षांपूर्वीची तारीख होती आणि ‘रुग्णाचं रक्त’ एवढंच. रुग्ण कोण, ते एकट्या बाईंना ठाऊक होतं. दूषित चीज खाऊन त्यांचा धाकटा भाऊ चार दिवसांत गेला, आणि त्याच्या रक्तातलं हे एवढंच अजून जिवंत होतं. दर पंधरवड्याला त्या त्याला ताजं खाद्य घालत. उबेच्या कपाटाचं दार लावताना कधीकधी मागून “ताई” अशी हाक येई. “आले रे,” म्हणून त्या वळत आणि चपापत.

सर दारातून डोकावले.

“सतरा नंबर पुन्हा वाचला तर वर्षाची मेहनत पाण्यात, बाई. तोवर लोक बिनमण्यांचंच चीज खाणार. परवा एक मुलगी दगावली, वाचलंत ना?”

“केवढी होती?”

“नऊ वर्षांची. थोरली बहीण आहे म्हणे मागे.”

सर गेल्यावर बाईंनी सतरावी बशी पुन्हा पुढे ओढली. त्यांना स्वतःची भयंकर शरम वाटली. मग त्यांनी उरलेले निम्मे मणी बशीत टाकले. एकही बाहेर सांडला नाही.

दोन दिवसांनी सकाळी सतराही बश्या स्वच्छ निघाल्या. काम संपलं की नळ्यांतले जंतू वाफेच्या भांड्यात मारायचे, असा नियमच होता. सतरावी नळी त्यांनी स्वतःच्या हातानं आत ठेवली आणि झाकण घट्ट केलं.

सर हसतच आले.

“जिंकलो की हो! तुम्ही मात्र अशा का दिसताय?”

“मला आठवडाभर रजा हवी, सर. घरात मयत झालीय.”

सरांचा चेहरा उतरला. “अरेरे. कोण गेलं?”

“धाकटा भाऊ.”

“कधी?”

काटाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“पस्तीस मिनिटं झाली.”