वर्षभराचं मागणं

कारखान्याला आग लागली तेव्हा मुकादमाने दाराला बाहेरून कुलूप घातलं होतं. शिंपीणबाईंचा नवरा आतच गेला.

बाई चर्चच्या वेदीची वस्त्रं शिवायच्या. उपवासकाळातलं जांभळं वस्त्र शिवताना त्यांनी देवाला सांगितलं, “त्या मुकादमाचे हात लुळे पडू देत.” पुनरुत्थानाच्या पांढऱ्या वस्त्रावर, पुढे पावसाळ्यातल्या हिरव्यावरही तेच मागणं.

हिवाळ्यात मुकादमाला अर्धांगवायू झाला. बायको त्याला चाकाच्या खुर्चीतून चर्चमध्ये घेऊन आली. बाई त्याच्या कानाशी वाकल्या.

“वर्षभर मी हेच मागत होते.”

“मीपण, वहिनी,” तो अडखळत म्हणाला. “त्या दिवसापासून.”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्याने सूडसुद्धा त्यांच्या हाती ठेवला नव्हता.

वेदीकडे वळून त्या म्हणाल्या, “म्हणजे तू त्याचं ऐकलंस?”