बाळंतिणीचा इस्तू

लाकूड कोणाचं असतं, हे मला कोणी शिकवू नये. ज्यानं वेचलं, डोक्यावर वाहिलं, वाळवलं आणि रचलं, त्याचं. मोतीराम आण्णांना हे पटत नव्हतं, आणि मळा त्यांचा होता.

आम्ही पेठकडची माणसं. दिंडोरीच्या अंगाला आण्णांच्या द्राक्षबागेत मजुरीला होतो आणि बागेच्या कडंला त्यांनीच दिलेल्या पत्र्याच्या खोलीत राहायचो. माझी लेक सुवर्णा पहिलटकरीण म्हणून माझ्याकडं आली, तेव्हापासून मला एकच खूळ लागलं, सरपणाचं. छाटणीच्या काड्या, बांधावरच्या बाभळीची मुळं, ओझरच्या भंगारवाल्याला मस्का मारून आणलेल्या खोक्यांच्या फळ्या. जाड लाकूड खाली, बारीक वर, मधून वारं खेळंल अशी भिंतीला लावून रच घातली आणि वरती खताच्या गोण्या पांघरल्या. सुवर्णाचा बाप हसायचा. "लेक बाळंत व्हायची हाय का वीटभट्टी लावायची हाय?" म्हणायचा. मी म्हणायची, पौषात कळंल.

पौषात कळलंच. सुवर्णा दिवस भरायच्या आधीच मोकळी झाली. पोरगी झाली, ओंजळीत मावंल एवढी. दवाखान्यातल्या सिस्टरनं घरी सोडताना मला बाजूला घेऊन बजावलं, लेकरू आईच्या छातीला धरा आणि खोली गार पडू देऊ नका, गार पडलं तर दूध ओढायची ताकद राहणार नाय. मग मी काय करणार? दाराबाहेर लाकूड पेटवायचं, धूर निघून गेला का निखारे शेगडीत घालून बाजेखाली सरकवायचे, हेच माझं काम झालं. माझी सासू सांगायची, बाळंतिणीच्या शेगडीतला इस्तू बाहेर कोणाला द्यायचा नाय, ऊब बी त्याच्यासंगं जाते. म्हणून शेजारच्या झुंबरबाईला मिसरी भाजायला निखारा बी दिला नाय. ती रुसली. रुसू दे म्हटलं.

आणि त्या दिवशी ऊन कलल्यावर आण्णा ट्रॅक्टरला ट्रॉली लावून दारात आले.

"गोजराबाई, निफाडाकडनं फोन आलाय. आज पारा लय खाली जाणार. मण्यात नुकतं पाणी उतरलंय, थंडीनं तडकले म्हणजे बाग गेली. ओळीओळीत शेकोट्या लावायच्या हायत. माझा ढीग संपला. ही लाकडं भरा."

"आण्णा, ही लेकीच्या बाळंतपणाची हायत."

"बांध कोणाचा? काड्या कोणाच्या बागेतल्या?"

खोटं नव्हतं, तेच तर झोंबलं. मी रचीला पाठ लावून उभी राहिले. पण सुवर्णाच्या बापानं गोण्या खाली ओढल्या आणि फळ्या ट्रॉलीत टाकायला लागला. मला असा संताप आला, का हातात असती तर तीच फळी त्याच्या पाठीत घातली असती.

"नात तुझी नाय का?" मी विचारलं.

तो माझ्याकडं न बघता पुटपुटला, "खोली काढून घेतली तर कुठं जायचं? उघड्यावर जगंल का ती?"

त्याचं बी खोटं नव्हतं. रच निम्म्यावर आली. आतनं सुवर्णा विचारत होती, काय चाललंय, आई. मी आत गेले, लेकरू वाकळेसकट उचललं आणि उंबऱ्याच्या आतच उभी राहिले.

"आण्णा, इकडं या."

"सोयर हाय तुमच्यात. मला देवपूजा हाय."

"दिवसभर मणी दाबून बघता ना? मग हे बी दाबून बघा."

मी वाकळेतून पोरीचा एक पाय बाहेर काढला. आण्णा उगाच चपला सारख्या करत थांबले. मग पुढं आले आणि दोन बोटांत तो पाय धरला, बागेत मणी धरायचे तसाच. शेगडी पेटलेली असून बी पाय गारच होता. त्यांनी लय वेळ सोडला नाय. सोडला तेव्हा माझ्यावरच चिडल्यासारखे सुवर्णाच्या बापाकडं वळले.

"सावळीराम, खाली कर."

"निम्मं का?"

"सगळं म्हटलं ना."

मोकळी ट्रॉली घेऊन ते गेले. जरा वेळानं त्यांच्या गोठ्याकडनं कडबा निघाला, जुने टायर निघाले, आणि दिसेनासं होईपर्यंत बागेवर काळा धूर होता. मला जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. पण दाराबाहेर लाकूड पेटवताना बी हात आखडत होता.

सकाळी दार उघडलं, तर आण्णा पायरीवर बसलेले. तोंडाला काजळी, डोळे लाल. त्यांनी मूठ उघडून दाखवली. मणी होते, सगळे तडकलेले.

"खालची निम्मी बाग गेली," ते म्हणाले.

आता खोली खाली करा म्हणतील, असं धरून मी मनातल्या मनात भांडी आवरायला घेतली. त्यांचं तोंड तरी कसं बघू, असं झालं होतं मला.

"लेकरू?" त्यांनी विचारलं.

"प्यायलं. पाय गरम हायत."

"बरं."

एवढंच. पण ते उठले नायत. मूठ मिटायला गेले तर बोटं वाकत नव्हती. टायरला काय ऊब असते? रात्रभर बागेत उभा राहिलेला माणूस, आणि माझ्या भिंतीला एवढी लाकडं लागलेली.

मी आत गेले. बाजेखालची शेगडी ओढली आणि निखारे घमेल्यात घ्यायला लागले.

"आई, बाहेर नको नेऊ," सुवर्णा बाजेवरनं घाबरून म्हणाली. "इस्तू हाय तो."

"गप," मी म्हटलं.

घमेलं उचलून उंबरा ओलांडला आणि आण्णांच्या पुढ्यात ठेवलं.

"शेका," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. हातातले मणी निखाऱ्यावर पडून चरचरले, तरी त्यांनी हात मागं घेतले नायत. मी रचीकडं गेले आणि सगळ्यात खालचं, बाभळीचं जाड लाकूड ओढलं.