ओडीलच्या सोमवारचा राजमा

न्यू ऑर्लिन्सच्या त्या कोपऱ्यावरच्या बारमध्ये दर सोमवारी वाजवायला येणाऱ्या बँडसाठी राजमा-भात ओडीलच करायची. तिचा नवरा अल्सीद कधी सोबत गेला नाही. पहाटे बेकरीची भट्टी पेटवायची, म्हणून तो लवकर झोपायचा. ती वारल्यावर त्याने पहिल्यांदाच, तिच्यासारखं सॉसेज घालून, राजमा शिजवला आणि पातेलं घेऊन गेला. तिचं नाव राखायचं होतं.

ट्रम्पेटवाल्या थिओफिलने घास घेतला. "अल्सीददादा, सॉसेज करपवलंस की! वहिनीने ओगराळ्यानेच हाणलं असतं तुला."

सगळे हसले. अल्सीदची मान खाली गेली.

"बघतोस काय? अजून वाढ!" थिओफिलने ताट पुढे केलं.

जेवणं झाली आणि बँडने सूर धरला. ट्रम्पेट असा खणखणला की काउंटरवरचे पेले थरथरले. गल्लीतल्या म्हाताऱ्या हातातल्या ताटांसकट नाचू लागल्या. ओडील हे सगळं घरी येऊन सांगायची, तेव्हा तो नुसतं "हं" म्हणून कूस बदलायचा. घरापासून चाळीस पावलांवर एवढं मोठं काही चाललं होतं! त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"आता तरी ये," एक म्हातारी त्याचा हात ओढत म्हणाली, आणि अल्सीद ओगराळं घेऊन तसाच नाचणाऱ्यांत शिरला.