थोरलीच्या हातची न्याहारी

दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘खोल्या मिळतील. घरगुती न्याहारी.’ खोल्या चारच होत्या आणि कुठल्याही घराच्या वरच्या मजल्यावर असतात तशाच होत्या. गाद्या जरा कडक, नळ जरा हळू. तरी शनिवार-रविवार आले, जोडून सुट्ट्या आल्या, की एकही रिकामी राहत नसे. लोक यायचे ते न्याहारीसाठी, आणि न्याहारी थोरलीच्या हातची असायची.

निदान अभिप्रायांच्या वहीत तसं लिहिलेलं होतं. ‘थोरल्या बाईंच्या हाताला चव आहे.’ ‘असे पाव आमच्या आजीनंतर इथेच खाल्ले.’ एका गृहस्थांनी तर कविता केली होती आणि तिच्यात ‘हात’ला ‘साथ’ जुळवली होती. दर रविवारी दुपारी धाकटी ही वही मोठ्याने वाचायची आणि थोरली मान डोलवत ऐकायची. दोघींपैकी कोणी हसत नसे.

धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. वय अठ्ठावन्न, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गेली तीन वर्षं या घरातला प्रत्येक पाव, प्रत्येक ऑम्लेट आणि जॅमचा प्रत्येक चमचा तिच्या हातचा होता.

त्याआधी मात्र सगळं खरोखरच थोरलीचं होतं. मग एकदा मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही. एके सकाळी थोरली पेटलेली काडी हातात धरून शेगडीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “ही कशासाठी गं घेतली मी?” त्या दिवसापासून धाकटीने एकेक काम हळूहळू स्वतःकडे ओढून घेतलं, झोपलेल्याच्या अंगाखालून चादर ओढावी तसं, जाग येऊ न देता. शेवटी थोरलीकडे फक्त उभं राहणं उरलं. साडेसातला सगळं तयार झालं की धाकटी तिच्या एप्रनवर मूठभर पीठ झटकायची, हातात उलथणं द्यायची आणि तिला शेगडीकडे तोंड करून उभी करायची. पाहुणे जिना उतरले की थोरली वळायची. डाव्या गालावर बोटभर पीठ असायचं. धाकटीला ते नाटकी वाटायचं, पण वहीत त्याचा तीनदा उल्लेख आला होता, त्यामुळे आता ते काढता येत नव्हतं.

हे सगळं कोणासाठी, तर थोरलीच्या मुलासाठी. तो मोठ्या शहरात नवव्या मजल्यावर राहायचा आणि दर बुधवारी फोन करायचा. घर त्याच्या नावावर होतं. मागच्या वर्षी त्याने स्वच्छ सांगितलं होतं, “काकू, आईचा हात चालतोय तोवर चालू दे. पण एकदा जरी गॅस उघडा राहिल्याचं कळलं, की मी घर विकणार आणि आईला इकडे आणणार.”

“आणि मी?” असं धाकटीने विचारलं नाही. त्याच्याकडे खोल्या दोन आणि माणसं चार होती. हिशेब तिला येत होता.

तर अशा घरात, तीन दिवसांच्या जोडून सुट्टीत, शनिवारी दुपारी ती बाई आली. खाण्यापिण्यावर लिहायची. दर आठवड्याला तिचं सदर छापून यायचं आणि तिला मुलानेच पाठवलं होतं. त्याच्या ऑफिसातल्या कोणाची तरी बहीण. आईचं कौतुक छापून यावं, एवढाच त्याचा हेतू. कौतुकासारखं संकट नाही.

चहा घेता घेता बाई म्हणाली, “मावशी, मला उद्या अगदी पहिल्यापासून बघायचंय. सहाला येते स्वयंपाकघरात. फक्त तुम्ही आणि मी.”

“ये की,” थोरली म्हणाली. “त्यात काय एवढं?”

“मी असतेच मदतीला,” धाकटी म्हणाली.

“नको नको, तुम्ही झोपा हो. मला फक्त मावशींचे हात हवेत. मध्ये तिसरं माणूस आलं की ती लय जाते.”

थोरलीने धाकटीकडे पाहिलं आणि म्हणाली, “तिला तसंही सकाळी सकाळी काही सुचत नाही.”

धाकटीने कपबश्या उचलल्या. एकही वाजली नाही.

संध्याकाळपर्यंत तिने बेत आखला. सगळं आधीच करून ठेवायचं. ओट्यावर एका रांगेत, डावीकडून उजवीकडे: पावाच्या गोळ्यांचा ट्रे, मग पॅनकेकच्या पिठाची बरणी, मग फेटलेल्या अंड्यांचा जग, मग लोण्याची वाटी, शेवटी शिजवलेली सफरचंदं. थोरलीने डाव्या टोकाला सुरुवात करायची आणि उजव्या टोकाला थांबायचं. वाचता येणाऱ्या माणसाला एवढं जमतं.

तरी वेळ कोण सांभाळणार? स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायची दोरी होती. धाकटी तिथे कपडे घालत उभी राहणार. पांढरा टॉवेल दिसला की पाव ओव्हनमध्ये. निळी खोळ दिसली की तव्यावरचं उलटायचं. लाल चादर दिसली की गॅस बंद.

“लाल म्हणजे काय वहिनी?”

“थांबायचं. मी काय लहान आहे?”

“आणि पांढरा?”

“पाव. अगं, तीस वर्षं औषधांच्या दुकानात बसले मी. दोनशे गोळ्या नुसत्या रंगावरून ओळखायचे.”

तीन वेळा तालीम झाली आणि तिन्ही वेळा बिनचूक झाली. धाकटीला वाटलं, उगाच घाबरलो आपण.

रविवारी पाच वाजता उठून तिने सगळं मांडलं, थोरलीला एप्रन बांधला, गालाला पीठ लावलं आणि पावणेसहाला बादली घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली. सगळे कपडे कोरडे होते. ओले दिसावेत म्हणून तिने त्यांच्यावर पाणी शिंपडलं होतं. आपण काय करतोय हे कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण विचारायला कोणी नव्हतं.

खिडकीतून आत नजर गेली आणि तिच्या हातातला चिमटा खाली पडला.

त्या पंधरा मिनिटांत थोरलीने ओटा आवरला होता. औषधांच्या दुकानातली सवय. बाटल्या उंचीप्रमाणे लावायच्या. आता डावीकडे उंच बरणी, मग जग, मग सफरचंदांचं भांडं, मग लोण्याची वाटी, आणि सगळ्यात चपटा म्हणून पावाचा ट्रे पार उजव्या टोकाला. शाळेत वर्गाचा फोटो काढताना उभं करतात तशी रांग. सगळ्यांची तोंडं पुढे.

दाराशी पावलं वाजली. बाई वही घेऊन आली, स्टुलावर बसली.

“करा सुरुवात, मावशी. मी नाहीच असं समजा.”

थोरलीने डावीकडून सुरुवात केली. सांगितलं होतंच तसं. तवा चढवला, गॅस पेटवला. धाकटीने घाईघाईने पांढरा टॉवेल दोरीवर टाकला. पावाला चाळीस मिनिटं लागतात. साडेसातला आठ माणसं जेवणाच्या टेबलाशी बसणार. थोरलीने खिडकीकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं आणि समाधानाने पुन्हा तव्याकडे वळली. धाकटीने टॉवेल काढून झटकला, परत टाकला. मग दुसरा पांढरा टॉवेल टाकला.

“बरेच टॉवेल आहेत तुमच्याकडे,” आतून बाईचा आवाज आला.

“पाहुण्यांचं घर म्हटल्यावर असणारच,” थोरली म्हणाली.

पॅनकेक मात्र तिने सुरेख ओतला. मनगट अजून जुनंच होतं. निळी खोळ वर गेली, थोरलीने खिडकीत पाहिलं आणि पॅनकेक उलटला. बाईने वहीत काहीतरी लिहिलं. धाकटीने श्वास सोडला. दुसरा उलटला, तिसरा उलटला. पाव एक वेळ राहिले तरी चालतील, पाव काय, नासले म्हणून सांगू.

चौथ्याच्या आधी थोरलीने तव्यात लोण्याचा मोठा गोळा टाकला आणि बाईने विचारलं, “मावशी, शिकलात कोणाकडून?”

झालं. हा प्रश्न थोरलीच्या आवडीचा होता. जुन्या गोष्टी तिच्याकडे एकही न हरवता शिल्लक होत्या. हरवायची ती फक्त आजची. तिने उलथणं खाली ठेवलं, शेगडीकडे पाठ केली, ओट्याला टेकली आणि आपल्या आईची गोष्ट सुरू केली. मागे लोणी वितळलं, फेसाळलं, पिवळं झालं, तांबूस झालं.

धाकटीने लाल चादर टाकली. थोरलीचं तोंड खिडकीकडेच होतं. तिने चादर पाहिली. सरळ पाहिली, अर्धं मिनिट पाहिली.

मग खिडकीशी येऊन म्हणाली, “अगं, ही चादर परवाच धुतली होती ना? रोज रोज काय धुतेस?”

बाई हसली. तव्यातून धुराची बारीक रेघ निघाली. बाईची पाठ आता तव्याकडे होती. ती खिडकीकडे बघत होती, म्हणजे धाकटीकडे. आणखी दहा सेकंदांत तिला वास येणार, ती वळणार, धूर बघणार, थोरलीला बघणार. पुढच्या आठवड्यात छापून येणार नाही कदाचित, पण ऑफिसातल्या भावाला सांगितलं जाणार आणि भाऊ मुलाला सांगणार.

तीन वर्षं धाकटी या स्वयंपाकघरात लपून राहिली होती. आता धावत जाऊन गॅस बंद केला तरी बाई विचारणारच की, मावशींचा गॅस तुम्ही का बंद केलात? त्याला उत्तर एकच होतं, आणि त्या उत्तराने घर जात होतं. बादली उचलेपर्यंत तिला दुसरं उत्तर सापडलं. ते चांगलं नव्हतं.

ती मागच्या दाराने आत शिरली, गॅस फट्‌दिशी बंद केला आणि कपाळावर हात मारून म्हणाली, “अगं बाई! वहिनी, तुम्ही बोलण्यात असलात की गॅसकडे मी बघायचं ना? कपडे घालता घालता विसरूनच गेले बघा. आणि ते पाव! पाव लावायचे सांगितले होते तुम्ही मला पाचला. पाच का सहा? मला मेलीला काही म्हणजे काही लक्षात राहत नाही.”

धाकटी थोरलीकडे बघत राहिली. थोरलीने नुसतं ‘मी कधी सांगितलं?’ म्हटलं असतं तरी सगळं संपलं असतं.

थोरलीच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग हळूहळू पाठ ताठ झाली.

“पाचला सांगितले होते,” ती म्हणाली. “पाचला. रोज सांगते. बावीस वर्षं सांगतेय. मागच्या जन्मी चाळणी होतीस का गं तू?”

“चुकलं वहिनी.”

“चुकलं म्हणून लोणी परत येतं का? घे तो ट्रे. ओव्हन कोण तापवणार, शेजारी?”

“किती वेळ ठेवू?”

“हेही मीच सांगू? तुला कळत नाही किती वेळ?”

“चाळीस मिनिटं म्हणता ना तुम्ही?”

“मग चाळीसच. आणि उभी काय राहिलीस, तवा घास.”

पुढचा तासभर असाच गेला. धाकटी विचारायची आणि विचारण्यातच उत्तर ठेवायची. थोरली ते उत्तर उचलून तिच्याच डोक्यात मारायची. अंडी आता का नंतर? आता, आंधळी आहेस का? सफरचंदं गार का गरम? गरम, पाहुणे आहेत, दुखणेकरी नाहीत. रागावणं थोरली विसरली नव्हती. इतक्या दिवसांनी तिला ते करायला मिळत होतं आणि ते तिला छान जमत होतं. बाईची पेन्सिल थांबत नव्हती. पाव पावणेआठला निघाले. आठही पाहुणे ताटकळले, आणि तेवढ्यामुळेच ते पाव जन्मात खाल्ले नसतील असे लागले.

निघताना बाईने थोरलीचे हात हातात घेतले. धाकटीला नुसतीच मान हलवून दाखवली, जशी आजाऱ्याच्या खोलीतून निघताना हलवतात.

लेख गुरुवारी आला. ‘चौऱ्याहत्तराव्या वर्षीही या घराचा कणा ताठ आहे,’ असं त्यात होतं. ‘सोबतीला एक विसराळू जाऊ. ती गॅसकडे बघायचं विसरते, पाव विसरते, तेच तेच टॉवेल पुन्हा पुन्हा वाळत घालते. पण मावशींच्या बोलण्याच्या आत, खोलवर, तिच्याबद्दल माया आहे.’

त्या आठवड्यात बुधवारचा फोन गुरुवारी आला.

“काकू,” मुलगा म्हणाला, “वाचलं मी. कधीपासून होतंय हे?”

“काय?”

“विसरणं. बोलली नाहीस कधी. हे बघ, घाबरू नकोस. पण आईवर तुझा भार पडतोय. या वयात तिने तुला सांभाळायचं म्हणजे… इथे एक संस्था आहे, चांगली आहे, बाग वगैरे आहे. मी शनिवारी डॉक्टरांना घेऊन येतो, तुला बघतील.”

धाकटीने मनात हिशेब मांडला. डॉक्टर आले की पाच मिनिटं तिला बघणार. मग चहाला बसणार, आणि समोर थोरली असणार.

“दे इकडे,” थोरली म्हणाली. फोनमधला आवाज मोठा होता. तिने सगळं ऐकलं होतं. “हे बघ, डॉक्टर-बिक्टर काही नको. शनिवारी चारही खोल्या भरल्यात, पाय ठेवायला जागा नाही. ती कुठे जाणार नाही. मी सांगते, ती करते, चाललंय आमचं.”

“पण आई, उद्या काही झालं तर?”

“झालं तर मी आहे ना इथे.”

मग तो म्हणाला, “ठीक आहे. पण काकूला एकटीला शेगडीपाशी सोडू नकोस.”

“नाही सोडत,” थोरली म्हणाली आणि फोन ठेवला. मग धाकटीकडे वळून म्हणाली, “कोण होता गं?”

शनिवारी पाहुणे आले, सगळे लेख वाचून आलेले. धाकटीने किल्ल्या दिल्या, बॅगा वर नेल्या, चहा आणला. एका गृहस्थांनी कप घेतला, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि प्रत्येक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणाले, “छा-न. झा-ला-य. च-हा.”

“तुम्हाला साखर किती हवी?” धाकटीने विचारलं.

गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं. बायको हळूच म्हणाली, “बिचारी,” आणि तिने दोन बोटं वर करून दाखवली.