फोनवरचे आजोबा

नर्सिंग कॉलेजच्या तळमजल्यावर शेजारशेजारी दोन खोल्या होत्या आणि मधे मोठी काच. एका खोलीत टेबल, फोन, भिंतीवर प्रश्नांची यादी. दुसऱ्या खोलीत काका. काका म्हणजे याच कॉलेजातून निवृत्त झालेले हेडक्लार्क. आता ते मुलींना शिकता यावं म्हणून आठवड्यातून दोनदा आजारी पडायचे.

"बाई, सकाळपासून अकरा वेळा मेलो," ते चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "बायको म्हणते, एकदाच काय ते नीट जमवा आणि घरी या."

ती हसली. नकली प्रसंग रचायचे, मुलींना त्यात सोडायचं, त्या काय करतात ते टिपून प्रसंग सुधारायचा, हे इथली शिक्षिका म्हणून तिचं नऊ वर्षांचं काम. हा नवा प्रसंग साधाच होता. एक म्हातारे गृहस्थ आरोग्य मदतवाहिनीला फोन करतात. पित्त झालंय, गोळी कोणती घेऊ, विचारतात. मधेमधे विनोद करतात. खरं तर त्यांना हृदयविकाराचा झटका येत असतो.

त्यातली वाक्यं तिच्या वडिलांची होती. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी तिला असाच शेवटचा फोन केला होता. सहा मिनिटं बोलले. गोळीचं नाव सांगून ती मीटिंगला गेली. हे कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं.

अकराही मुलींनी गोळी सांगून फोन ठेवला होता. दर वेळी तिला आतून हायसं वाटे आणि मागोमाग स्वतःची लाज.

"अकरा जणी चुकल्या म्हणजे मुली नाही, आपला प्रसंग नापास," विभागप्रमुख सर तक्ता बघत म्हणाले. "एखादी खूण घाला. दम म्हणा, घाम म्हणा."

"माणसं तसं सांगत नाहीत, सर."

"नसतील सांगत. पण शिकणाऱ्याच्या हाताला काही लागायला नको? हा सापळा झाला, बाई. संध्याकाळपर्यंत ठरवा, खूण घालताय की प्रसंग काढून टाकू?"

 खूण घालायची म्हणजे बाबांच्या फोनमध्येही खूण होती असं कबूल करायचं. आणि होती, तर ती तिला ऐकू आली नव्हती.

बारावी मुलगी उंच, किडकिडीत. काकांचे विनोद तिच्यापर्यंत पोचलेच नाहीत. भिंतीकडे बघत तिने एकेक प्रश्न विचारला. जबडा दुखतोय का? हात?

काकांनी कागद उलटला. विचारलं तरच द्यायचं उत्तर दुसऱ्या पानावर होतं. "डावा जरा जड वाटतोय. पिशवी उचलली ना सकाळी!"

मुलीने ॲम्ब्युलन्स पाठवली.

प्रसंगानंतर बाराही जणी गोल करून बसल्या. या बैठकीचा नियम एकच, 'हे का केलं नाहीस' असं कुणालाही विचारायचं नाही. त्या वेळी काय दिसत होतं, काय वाटत होतं, एवढंच.

"तुला शंका कशी आली?" तिने उंच मुलीला विचारलं.

"शंका नव्हती आली, मॅडम. यादी होती, वाचली." मुलगी घुटमळली. "माझे बाबा असते ना, तर नसती वाचली. ते म्हणाले असते, बापाची परीक्षा घेतेस होय गं? मग मीही हसून गोळीच सांगितली असती."

"आणि वर ओरडली असतीस, तिखट खाऊ नका म्हणून," शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या.

तिने उंच मुलीचं ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं. उतरवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

मुली गेल्यावर तिने संहिता उघडली. ती सहा मिनिटं तिने शंभरदा तरी मनात ऐकली होती, आज पुन्हा ऐकली. त्यात खूण नव्हती. निदान तिला देता येण्यासारखी नव्हती. मग तिने स्वतःच एक लिहिली, 'थांबा हं, जरा बसतो.' बाबा असं म्हणाले नव्हते. ते कुणासमोर असं म्हणणारेच नव्हते. कागदावरचे आजोबा मात्र म्हणू शकत होते. ते कुणाचेही वडील होऊ शकत होते.

काकांनी नवा कागद चष्मा लावून वाचला. "म्हातारा सुधारला म्हणायचा. मदत मागतोय."

"मागू दे, काका."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीतली पहिली मुलगी आली. सुरुवातीला तीही काकांच्या विनोदांना हसली. मग काका म्हणाले, "थांबा हं, जरा बसतो," आणि तिचं पेन थांबलं.

"का बसलात, आजोबा?"

पुढचे प्रश्न तिने भराभर विचारले. ॲम्ब्युलन्स पाठवली. "दार उघडं ठेवा आणि बसून राहा. मी फोन ठेवत नाही."

इथे घंटा वाजवून प्रसंग थांबवायचा असतो. काचेमागे, काकांच्या खोलीत, बाईंचा हात घंटेपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. काकांच्या कागदावरची वाक्यं संपली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, घंटा होत नाही हे ओळखलं आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तू जेवलीस का गं, पोरी?"

"नाही अजून. तुम्ही बोलत राहा, आजोबा. मी ऐकतेय."