नकाशाची दक्षिण कड

नकाशावर मठाच्या जागी बोटाच्या पेराएवढा पांढुरका डाग पडला होता. आलेला प्रत्येक पाहुणा आधी तिथेच बोट ठेवी, "म्हणजे आपण इथे," असं म्हणे, आणि रंग आणखी थोडा उडे. दक्षिण कडेची बिनडोक्याची माणसं, छातीतच डोळे आणि तोंड असलेली, मात्र कालच रंगवल्यासारखी दिसत. तिथवर कुणाचा हात जात नसे.

बिशपसाठी या जुन्या नकाशाची नक्कल मठातला साधू विगस्टन करत होता. बाकी सगळं झालं होतं. दक्षिण कड तेवढी दोन हिवाळे कोरी पडून होती. मठाधिपती थर्किलनी विचारलं की तो कधी शाईचं कारण सांगे, कधी डोळ्यांचं. दोन्ही अर्धी खरी होती.

उरलेलं कारण ऑर्डगर. जेरुसलेमहून परतताना हा इंग्रज यात्रेकरू तापाने मठात पडून होता, तेव्हा विगस्टनने त्याला उत्सुकतेने बिनडोक्यांबद्दल विचारलं होतं. वाटाण्याची पेज बाजूला ठेवून ऑर्डगर खोकला येईपर्यंत हसला.

"ते नाही भेटले, भाऊ. पण सिसिलीत खाणावळवाल्याने माझा अंगरखा मागून उचलून पाहिला. इंग्रजांना शेपूट असतं म्हणे. नाही दिसलं, तर म्हणतो, कापून आला असशील."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? त्यांच्या पाद्र्याच्या पुस्तकात लिहिलंय तसं."

विगस्टनही हसला होता. पण तेव्हापासून कुंचला त्या कडेपाशी नेला की हात जड होई. बिनडोकी माणसं नाहीतच, असंही त्याला म्हणता येत नव्हतं; त्याने तो देश पाहिला नव्हता. आणि ती रंगवायला नाही म्हटलं तर लेखनशाळेतली कोरडी जागा जाणार, दलदलीतले चर उपसावे लागणार. त्याचे गुडघे जिन्यावरच कुरकुरत.

बिशप मठात यायला आठवडा उरला, तेव्हा थर्किल स्वतः येऊन बाकावर बसले. एवढ्या थोर लोकांनी लिहून ठेवलंय, बिशपनाही ती बिनडोकी माणसंच पाहायची आहेत, असं त्यांनी समजावलं.

"त्यांच्यापेक्षा शहाणा झालास का रे?"

"नाही, बाबा."

"मग रंगवून टाक की. दुपारभराचं काम."

विगस्टनने कुंचला धुतला, फडक्याने कोरडा केला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"मी नाही रंगवणार, बाबा. मला चरांवर पाठवा."