माघारीच्या अर्जाला इस्त्री

इस्त्रीवाला नगरसेवक म्हणून निवडून आला. पण ते सोडा, असं काही झालेलंच नाही. त्याच्या घरी तर या विषयावर बोलायलाही बंदी आहे.

झालं होतं ते एवढंच. त्याची पत्र्याची टपरी पालिकेच्या फुटपाथवर, गटाराच्या झाकणावर उभी होती. टपरी होती म्हणून चूल पेटत होती. ज्यांचे सदरे तो वर्षानुवर्षं कडक करायचा, ते पॅनलप्रमुख भाऊ एक दिवस म्हणाले, "डमी म्हणून अर्ज भर. मग माघार घे. टपरीला कोणी हात लावणार नाही."

डमी म्हणजे काय, हे त्याला लगेच कळलं. दुकानात कपडे घालून उभा असतो तो.

माघारीच्या आदल्या दिवशी मुख्य उमेदवार स्वतःचा अर्ज मागे घेऊन समोरच्या पॅनलच्या गाडीत जाऊन बसला. जाताना इस्त्रीला टाकलेले सदरेही घेऊन गेला.

"आता तूच आमचा माणूस," भाऊ म्हणाले.

"अहो भाऊ, निवडून आलो तर? नगरसेवकाचं अतिक्रमण असलं की पद जातं म्हणे."

"पद कशाला जाईल? टपरी जाईल."

दुसऱ्या दिवशी तो माघारीचा अर्ज घेऊन गुपचूप निघाला. मुदत तीनपर्यंत. पावणेतीनला टपरीपाशी पोचला तेव्हा लक्षात आलं, खिशात अर्ज पार चुरगळलाय. जन्मात त्याने सुरकुतलेली वस्तू कुणाच्या हातात दिली नव्हती. इस्त्री तापलेलीच होती.

"अहो, कागद आहे तो!" बायको ओरडली.

"कागदालाही इज्जत असते."

तेवढ्यात समोरून भाऊंची गाडी आली. तो टेबलाखाली लपला. इस्त्री वर अर्जावरच राहिली.

"सही कुठाय?" निवडणूक कार्यालयात कारकुनाने विचारलं.

"होती. जळाली. दुसरा कागद द्या."

"तीन वाजले." कारकुनाने तो तपकिरी डाग निरखून पाहिला. "चिन्ह म्हणून इस्त्री पाहिजे होय? ते देता येईल."

पुढचे दहा दिवस तो घरोघर कपडे पोचवताना हात जोडत होता, "ताई, पाया पडतो, मला मत देऊ नका."

"किती साधा माणूस!" ताई म्हणायच्या आणि शेजारणीलाही सांगायच्या.

भाऊंच्या पॅनलला बहुमत मिळालं एका जागेने. ती जागा त्याची. राजीनामा द्यायचा तर नगराध्यक्षांकडे, आणि नगराध्यक्ष झाले भाऊ.

सकाळी पालिकेचा ट्रक आला. चार माणसांनी पत्रे उचलले. बायको कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन झाकणावर बसून राहिली. तिने एकदाच विचारलं, "उद्या काय शिजवू, तुमचं पद?"

त्याने तिथेच कागद मांडला. पालिकेत कुठल्याही अर्जाला स्थानिक नगरसेवकाची शिफारस लागते. तेवढी मात्र लगेच मिळाली.

"सबब, विनंती की सदर निवडणूक माघारीच्या दिवशी दुपारी पावणेतीनपासून पुन्हा घेण्यात यावी. ते शक्य नसल्यास मतदारांनी आपापली मते व्यक्तिशः येऊन कार्यालयीन वेळेत परत न्यावीत. अर्ज इस्त्री न करता सादर."